मिस्सेत बायबलचं वाचन कोणी करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सेला, म्हणजे कॅथोलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बायबल वाचणाऱ्या वाचकांची महिन्याची यादी बनवायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. वसईतलं चर्च, रविवारच्या मिस्सा मराठीत, माणसं सगळी ओळखीची, त्यामुळे यादी ग्रुपवर पडली की अर्ध्या तासात फोन सुरू होतात. माझ्या मुलाचं नाव का नाही, त्याच त्या दोन बायका का, लग्नात मामा वाचतील चालेल ना, सिस्टरांनी शुभवर्तमान वाचलं तर काय बिघडलं. दरवेळी तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. मी काही ईशज्ञान शिकलेली नाही, पण नियम बसून वाचलेत आणि जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी थोडक्यात सांगा, कोण काय वाचू शकतं?

पहिलं वाचन आणि दुसरं वाचन वाचकानं वाचायचं, म्हणजे प्रापंचिक (फादर-डिकन नसलेल्या साध्या) माणसानं, बाई असो की पुरुष. मधलं प्रतिसाद स्तोत्र गाणाऱ्यानं, तो नसेल तर वाचकानं. शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांतला उतारा) डिकननं, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीवरच्या सेवकानं, डिकन नसेल तर दुसऱ्या फादरनी, तेही नसतील तर मिस्सा अर्पण करणाऱ्या फादरनी. प्रवचन फक्त फादर, बिशप किंवा डिकन. श्रद्धावंतांच्या प्रार्थना डिकन नसेल तर वाचक किंवा दुसरं कोणी प्रापंचिक म्हणू शकतं. बास, बाकीचं सगळं याच्या अवतीभवतीचं आहे.

फादर वेदीवर असताना आम्ही कशाला? तेच वाचतील की सगळं.

हा प्रश्न जुनी माणसं विचारतात आणि त्यांचं चूक नाही, त्यांनी लहानपणी तसंच पाहिलंय. मिस्सलच्या (मिस्सेच्या प्रार्थनांच्या पुस्तकाच्या) सुरुवातीला ज्या सर्वसाधारण सूचना आहेत त्यातल्या ५९ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की वाचन करणं हे मिस्सा चालवणाऱ्याचं काम नाही, ते सेवकाचं काम आहे. दुसरा योग्य वाचक हजर नसेल तरच फादरनी पहिलं-दुसरं वाचन स्वतः करायचं. म्हणजे आपण हात वर केला नाही म्हणून फादर वाचतात, ही अडचणीची सोय झाली.

यामागे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज आहे, ४ डिसेंबर १९६३ चा. त्यात म्हटलंय की उपासनेत ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचं सगळं करावं आणि तेवढंच करावं. वेदीसेवक, वाचक, गायकवृंद हे सगळे खरीखुरी उपासनेची सेवा करतायत असंही त्यातच आहे. लग्नघरात एकटा यजमानच पंगत वाढतोय, पाणी देतोय आणि वर स्वतःच आग्रह करतोय असं दिसलं तर आपण उठून हातात पळी घेतोच ना, तसंच.

लेक्टर आणि वाचक एकच का?

बोलताना एकच, कागदावर दोन. लेक्टर म्हणजे ज्याला बिशपांनी विधी करून, हातात बायबल देऊन कायमचं नेमलंय तो. सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या ब्रदरांना डिकन व्हायच्या आधी हे घ्यावंच लागतं. आणि वाचक म्हणजे तुम्ही-आम्ही, यादीत नाव आलं त्या दिवसापुरते. कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) २३० व्या कलमात दोन्हीची सोय आहे, पहिल्या भागात कायमच्या नेमणुकीची आणि दुसऱ्यात तात्पुरत्या नेमणुकीची.

पूर्वी हे लेक्टरपद म्हणजे फादर होण्याच्या वाटेवरची एक पायरी होती. द्वारपाल, लेक्टर, भूतं काढणारा, अकोलाइट (वेदीवरचा मदतनीस) आणि मग उपडिकन अशा पायऱ्या चढत वर जायचं. पोप पॉल सहावे यांनी १५ ऑगस्ट १९७२ ला ही उतरंड मोडली, लेक्टर आणि अकोलाइट ही दोनच कामं ठेवली आणि ती प्रापंचिकांनाही देता येतील असं केलं, पण फक्त पुरुषांना. ते ‘फक्त पुरुष’ निघायला २०२१ साल उजाडावं लागलं, त्याबद्दल पुढे आहेच.

आपल्याकडे रविवारी वाचणारे जवळपास सगळे तात्पुरते वाचक असतात. म्हणून कोणी कमी प्रतीचा झाला असं नाही, पण सूचनांच्या १०१ व्या परिच्छेदात अशा तात्पुरत्या वाचकांसाठी दोन अटी घातल्यात: या कामाला खरोखर लायक हवा आणि नीट तयारी केलेला हवा. दुसऱ्या अटीवर आमच्याकडे बोंब असते.

बायका कधीपासून वाचायला लागल्या?

माझ्या आजीनं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आयुष्यभर मिस्सा ऐकली आणि त्यातली निम्मी वर्षं ती लॅटिनमध्ये होती, समोर कोणी बाई उभी राहून वाचतेय हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं. व्हॅटिकन परिषदेनंतर नवी मिस्सा आली तेव्हाच्या १९६९ च्या सूचनांमध्ये त्या त्या देशाच्या बिशप परिषदेनं परवानगी दिली तर बाईनं वाचावं असं होतं, पण गंमत म्हणजे वेदीच्या आवाराच्या बाहेर उभं राहून! सप्टेंबर १९७० मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत बायकांनी कुठे उभं राहायचं ते बिशप परिषदांनी ठरवावं असं झालं. मग १९८३ च्या कॅनन लॉमध्ये तात्पुरत्या वाचकांसाठी बाई-पुरुष हा फरकच राहिला नाही.

राहता राहिलं कायमचं लेक्टरपद. तिथे २३० व्या कलमात ‘प्रापंचिक पुरुष’ असा शब्द होता. १० जानेवारी २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी तो बदलून ‘प्रापंचिक व्यक्ती’ केला. एक शब्द बदलला पण त्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पुढच्या वर्षी २३ जानेवारी २०२२ ला त्यांनी स्वतः सेंट पीटर्समध्ये प्रापंचिक लोकांना लेक्टर म्हणून नेमलं, त्यात बायकाही होत्या.

तेव्हा ‘बायकांनी मंचावर (वाचायच्या जागेवर) जाऊ नये’ असं कोणी म्हटलं तर तो त्यांचा घरचा कायदा आहे, चर्चचा नाही.

सिस्टर एवढ्या शिकलेल्या, शुभवर्तमान त्यांनी का नाही वाचायचं?

शिक्षणाचा प्रश्नच नाहीये. काही सिस्टर बायबलमध्ये डॉक्टरेट असतात आणि वाचणारा डिकन कालचा पोरगा असतो, तरी वाचणार डिकनच. व्रतस्थ सिस्टर किंवा ब्रदर यांना दीक्षा (डिकन, फादर किंवा बिशप होण्याचा विधी) झालेली नसते, त्यामुळे या बाबतीत ते आपल्याच रांगेत. २००४ च्या मार्चमध्ये रोमनं उपासनेतल्या गैरप्रकारांवर एक लांबलचक सूचनापत्र काढलं, त्याच्या ६३ व्या परिच्छेदात हे सरळ लिहिलंय की मिस्सेतलं शुभवर्तमान दीक्षित सेवकानंच वाचायचं, प्रापंचिकानं नाही, व्रतस्थानंही नाही.

कारण काय तर शुभवर्तमान हा त्या भागाचा कळस आहे. तुम्ही बघा, त्या वेळी आपण उभे राहतो, आल्लेलुया गातो, कपाळ, ओठ आणि छाती यावर क्रूस काढतो, सणाला धूप दाखवतात. ते येशूचेच शब्द म्हणून ऐकायचे असतात. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, साक्षात बिशप मिस्सा अर्पण करत असले आणि डिकन हजर असला तरी शुभवर्तमान डिकनचंच. बिशप बसून आशीर्वाद देतात, डिकन जाऊन वाचतो. म्हणजे ‘मोठ्यानं वाचायचं’ असा हिशेब इथेही नाहीच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हा नियम मला पटतो, पण तो सांगताना काही जण सिस्टरांशी ज्या सुरात बोलतात तो सूर पटत नाही.

मग घरच्या प्रार्थनेत, मयताच्या घरी, सामूहिक रोझरीला?

ती मिस्सा नाही, तिथे कोणीही वाचा, शुभवर्तमानातला उतारासुद्धा. आजोबांनी वाचा, नातीनं वाचा. फादर पोचू शकले नाहीत आणि रविवारची प्रार्थनासभा नेमलेल्या प्रापंचिक माणसानं चालवली तर त्यातही तो शुभवर्तमान वाचू शकतो, फक्त ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ हे दीक्षितांचं अभिवादन करत नाही. गोंधळ होतो तो इथूनच, कुठेतरी असं पाहिलेलं असतं आणि मग मिस्सेतही चालेल असं वाटतं.

वय किती लागतं? माझा मुलगा सातवीत आहे, छान वाचतो.

रविवारी वाचणाऱ्या तात्पुरत्या वाचकासाठी सगळ्या जगाला लागू असं एक वय ठरलेलं नाही. कायमच्या लेक्टरसाठी वय आणि पात्रता त्या त्या देशाची बिशप परिषद ठरवते. बऱ्याच ठिकाणी दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक संस्कार) झालेलं असावं असा स्थानिक नियम असतो, तो तुमच्या फादरना विचारा.

मुलांच्या मिस्सेसाठी १ नोव्हेंबर १९७३ ची वेगळी मार्गदर्शिका आहे आणि ती खूप समजूतदार आहे. वाचनं मुलांना झेपत नसतील तर कमी करायची मुभा आहे (शुभवर्तमान मात्र कधीच गाळायचं नाही), उतारा संवादाचा असेल तर मुलांमध्ये पात्रं वाटून देता येतात. म्हणून मुलांच्या मिस्सेत मुलांनाच घ्या, जरूर घ्या.

मोठ्यांच्या मिस्सेबद्दल मी आईबापांना एकच विचारते, त्यानं वाचलेलं मागच्या बाकावरच्या आजीला कळणार आहे का? पोरगं गोड दिसतं, सगळे मोबाईल काढून शूटिंग करतात आणि यशया संदेष्ट्याचं म्हणणं राहतं बाजूला. काही मुलं मात्र मोठ्यांच्या तोंडात मारतील असं वाचतात, त्यांना मी स्वतः शोधून घेते. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ऑरेलियस नावाच्या अगदी तरुण मुलाला वाचक नेमलं होतं. छळाच्या काळात त्यानं अधिकाऱ्यांपुढे उभं राहून ख्रिस्ताला नाकारलं नव्हतं, तर ज्या आवाजानं तिथे कबुली दिली त्याच आवाजानं आता मंचावरून वाचावं असं सिप्रियननी आपल्या लोकांना पत्रात कळवलं. सातवीतल्या मुलाला हे सांगा, तो पाठांतराला बसेल.

लग्नाच्या मिस्सेत माझी हिंदू मैत्रीण वाचू शकते का? आणि प्रोटेस्टंट आत्या?

मैत्रीण नाही. आत्याचं उत्तर थोडं लांब आहे. ख्रिस्ती ऐक्यासाठीची जी मार्गदर्शिका २५ मार्च १९९३ ची आहे तिच्या १३३ व्या परिच्छेदानुसार कॅथोलिक मिस्सेत वाचन कॅथोलिकांनीच करायचं, पण अपवाद म्हणून, योग्य कारण असेल तर धर्मप्रांताचे बिशप दुसऱ्या चर्चच्या ख्रिस्ती व्यक्तीला परवानगी देऊ शकतात. बिशप हं, तुमचे फादर नाहीत आणि मी तर अजिबातच नाही. त्यामुळे लग्नाच्या आदल्या रात्री फोन करू नका. मिस्सेशिवायचा विवाहविधी असेल तर दुसऱ्या चर्चच्या ख्रिस्ती माणसाला आमंत्रण देऊन वाचायला बोलावता येतं, ती मुभा त्याच मार्गदर्शिकेत आहे.

हिंदू मैत्रिणीचा प्रश्न आपल्याकडे फार येतो कारण शेजारपाजार, ऑफिस सगळं मिसळलेलं आहे आणि तिला मान द्यावा असं मनापासून वाटतं. पण वाचन हा मान नाहीये हो. ते श्रद्धा कबूल करणं आहे, शेवटी ती ‘हा देवाचा शब्द आहे’ अशा अर्थाचं वाक्य सगळ्यांसमोर म्हणणार. जी गोष्ट ती मानत नाही ती तिच्या तोंडून वदवून घेण्यात तिचाही मान नाही. तिला रिसेप्शनला माईक द्या, ती तुमच्याबद्दल दोन शब्द बोलेल ते सगळ्यांच्या जास्त लक्षात राहील.

दोन्ही बाजूंचे नातेवाईक आहेत, एकच वाचन अर्धं अर्धं वाचलं तर?

नाही. सूचनांच्या १०९ व्या परिच्छेदात हेच उदाहरण दिलंय, जणू आपल्याकडची लग्नं बघूनच लिहिलंय. एक वाचन एकानं, दुसरं वाचन दुसऱ्यानं हे उत्तम. पण तेच वाचन दोघांनी तुकडे करून नाही. अपवाद फक्त एक, प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत.

तो झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आणि गुड फ्रायडेला वाचतात, निवेदक, इतर पात्रं आणि जमाव असे भाग पाडून. त्यात प्रापंचिक वाचक घेता येतात, फक्त येशूचे शब्द शक्यतो फादरनी म्हणायचे. आमच्याकडे पिलाताच्या भूमिकेला दरवर्षी चढाओढ असते, पेत्राला कोणी तयार नसतं.

सणाच्या दिवशी ठरावीक लोकच का?

बरं झालं विचारलंत. हे मी सगळ्याच ठिकाणांबद्दल बोलत नाही पण एका चर्चमध्ये मी स्वतः पाहिलंय की सणाच्या मिस्सेचं पहिलं वाचन देणगी देणाऱ्याला, दुसरं कमिटीतल्या कोणाला आणि प्रार्थना माजी पदाधिकाऱ्यांना, एकेक करून, म्हणजे सत्कारसमारंभच. त्यातल्या एकानं वाचन आयुष्यात पहिल्यांदा उघडलं ते मंचावर. ‘नबुखद्नेस्सर’ आल्यावर तो थांबला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला आणि मग सरळ ‘राजा’ म्हणून पुढे गेला. लोक हसले. हसायला मलाही आलं पण नंतर वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती, त्याला तिथे शाल-श्रीफळासारखं उभं करणाऱ्यांची होती.

नियमात देणगी, पद, नातं, मानपान यातलं काही नाही. सगळं भांडण ‘मान’ या शब्दावरून होतं. तो शब्द बाजूला ठेवा आणि ‘पाळी’ हा शब्द घ्या, जसं विहिरीच्या पाण्याची पाळी, वाडीतल्या रोझरीची पाळी, की निम्मे फोन बंद होतील.

वाचन आवडलं नाही, लांब आहे, बदलता येईल का? त्याऐवजी एखादी छान कविता?

कविता नाही, पत्र नाही, व्हॉट्सॲपवरचा सुविचार तर नाहीच. बायबलच्या वाचनाच्या जागी आणि प्रतिसाद स्तोत्राच्या जागी बायबलबाहेरचा मजकूर घ्यायला सूचनांच्या ५७ व्या परिच्छेदात बंदी आहे. लग्न, मयत, बाप्तिस्मा यासाठी वाचनांची मोठी यादी असते, त्यातून फादरशी बोलून निवडा. रविवारची वाचनं मात्र ठरलेली.

ती कशी ठरतात हे समजून घेतलं तर बदलायची इच्छा कमी होते. १९६९ मध्ये नवी वाचनमाला आली, तिच्यात रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेरीत फिरतात. अ वर्षी मत्तयचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, आणि योहान मधेमधे, विशेषतः उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळात. ज्या सालाला तीननं भाग जातो ते क वर्ष, म्हणजे २०२५ हे क. रोजच्या मिस्सेची पहिली वाचनं दोन वर्षांच्या फेरीत असतात, विषम साल पहिलं, सम साल दुसरं. पण उपासनेचं वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांपासून, सुरू होतं, जानेवारीपासून नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी जपून. मी इथे कशी आपटले ते शेवटी सांगते.

आणि हो, वाक्य बोचरं वाटलं म्हणून गाळायचं, शब्द सोपा वाटला म्हणून घालायचा, असंही नाही. ते फादरनाही चालत नाही.

घरी आपण सामवेदी बोलतो, वाडवळी बोलतो, मग वाचन आपल्या बोलीत का नाही?

मिस्सेतला मजकूर बिशप परिषदेनं मान्य केलेला आणि रोमनं मंजूर केलेलाच वापरायचा असतो. त्यामुळे कोणी कितीही चांगली बोली बोलणारा असला तरी उभ्या उभ्या मराठीवरून बोलीत भाषांतर करून वाचता येत नाही. मलाही कधी कधी वाटतं की माझ्या आईला रूथची गोष्ट तिच्या बोलीत ऐकू आली असती तर ती डोळे पुसत बसली असती. ते घरी करा, वाडीतल्या प्रार्थनेला करा, तिथे कोणी अडवत नाही.

लोकांच्या भाषेत ऐकवायची ओढ आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, ओव्यांमध्ये, लोकांना मोठ्यानं म्हणून दाखवण्यासाठी. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्येच चालायची आणि पुढे साडेतीनशे वर्षं तशीच चालली.

मोबाईलवरून वाचलं तर चालतं ना? अक्षर मोठं करता येतं.

अक्षराचा मुद्दा खरा आहे, माझाही चष्म्याचा नंबर वाढलाय. पण वाचन वाचनग्रंथातूनच करायचं असतं. वाचनमालेच्या प्रस्तावनेत, १९८१ च्या आवृत्तीत, असं म्हटलंय की या ग्रंथांच्या जागी लोकांना तयारीसाठी छापलेली पत्रकं वगैरे वापरू नयेत. पत्रकालाच नाही म्हटलंय तर ज्याच्यावर मधेच बँकेचा ओटीपी येतो त्या फोनला हो कसं म्हणतील? डोळ्यांचा त्रास असेल तर मोठ्या अक्षराची प्रत काढून ती ग्रंथातच ठेवून वाचता येईल का हे फादरना विचारा, माणुसकीनं मार्ग निघतो. अंध व्यक्तीनं ब्रेलवरून बोटं फिरवत वाचलं तर मी तरी आनंदानं तिचं नाव पहिलं लिहीन.

तयारी मात्र मोबाईलवर खुशाल करा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकल्यावर धक्का बसतो.

कपडे? डोकं झाकायचं का?

१९१७ च्या जुन्या कॅनन लॉमध्ये बायकांनी डोकं झाकावं असं होतं, १९८३ च्या कायद्यात ते राहिलं नाही. झाकायचं तर झाका. तात्पुरत्या वाचकानं साध्या नेहमीच्या कपड्यांत जावं, फक्त ते त्या भागातल्या रीतीला धरून असावेत, इतकंच वाचनमालेत आहे. साडी, पंजाबी ड्रेस, शर्ट-पँट, आणि कोणी पारंपरिक लुगडं नेसून आलं तर काय विचारता! पांढरा अंगरखा घातलाच पाहिजे असं नाही. चपला आवाज न करणाऱ्या घाला, ही माझी पदरची सूचना.

मंचावर गेल्यावर नेमकं काय काय करायचं?

वेदीसमोरून जाताना वाकून नमस्कार. ग्रंथ मिस्सेच्या आधीच मंचावर ठेवलेला असतो, तो मिरवणुकीत न्यायचा नाही. मिरवणुकीत नेतात तो शुभवर्तमानाचा वेगळा ग्रंथ, डिकन नसेल तर तो वाचकानं किंचित उंच धरून न्यायचा आणि वेदीवर ठेवायचा.

‘पहिले वाचन’ हे शब्द मोठ्यानं वाचायचे नाहीत, खाली तिरप्या अक्षरात दिलेलं एका ओळीचं सारही नाही. थेट ‘यशयाच्या पुस्तकातून’ वगैरे जे असेल तिथून सुरुवात. संपल्यावर थोडं थांबायचं आणि मग ‘हा देवाचा शब्द आहे’ अशा अर्थाचं शेवटचं वाक्य म्हणायचं, नाहीतर लोकांना वाटतं तेही पौलानंच लिहिलंय. ते वाक्य म्हणताना ग्रंथ उचलून दाखवायची सवय काहींना लागलीय, नियमात ती नाही. वाचन झाल्यावर क्षणभर शांतता ठेवायची असते, ती आमच्याकडे माईकच्या खरखरीत जाते.

‘सुप्रभात’, ‘आजचं वाचन मी करणार आहे’, स्वतःचं नाव, यातलं काहीही नको. कार्यक्रमाच्या सूचनाही तिथून देऊ नका, मंच वाचनासाठी, स्तोत्रासाठी, प्रवचनासाठी आणि प्रार्थनांसाठी आहे.

पेंटेकॉस्टच्या सणाचं वाचन मला देऊ नका, त्यात अवघड नावं आहेत.

हा प्रश्न नाहीये पण दरवर्षी येतो. प्रेषितांच्या कृत्यांमधला दुसरा अध्याय, पार्थी, मेदी, एलामी, पुढे कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. उपाय सोपा आहे, आठवडाभर आधी घ्या, नावं तोडून लिहा, स्वयंपाक करताना म्हणा. आणि अडखळलात तर माफी मागू नका, चेहरा वाकडा करू नका, सरळ पुढे जा. एलामी कोण होते ते ऐकणाऱ्यालाही माहीत नसतं.

खरी तयारी मात्र नावांची नसते, अर्थाची असते. कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, रागात की समजावून? यिर्मयाचा आक्रोश बातम्या दिल्यासारखा वाचू नका आणि करिंथकरांना लिहिलेलं प्रीतीचं पत्र नाटकी गळा काढूनही नको. ईस्टरच्या जागरणाच्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं असतात, त्यातलं निर्गमच्या चौदाव्या अध्यायातलं समुद्र दुभंगण्याचं कधीच गाळता येत नाही. चर्चमध्ये मंद उजेड, हातात मेणबत्त्या, आणि वाचकानं ते वाचन जीव ओतून वाचलं तर अंगावर काटा येतो. ते ज्याला देते त्याच्याकडून मी तीनदा वाचून घेते, मग तो कोणी का असेना.

पूर्वीच्या काळीही असे वाचक होते का, की हे नवीन फॅड?

उलट जुनंच परत आलंय. येशू स्वतः नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला आणि त्याच्या हातात यशयाचं पुस्तक दिलं, लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर संत जस्टिन रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन करतो त्यात आधी वाचणारा वाचतो, तो थांबला की मग प्रमुख बोलतो, म्हणजे दोन वेगळी माणसं. २५१ सालच्या पोप कॉर्नेलियसच्या पत्रात रोमच्या चर्चमधल्या सेवकांची मोजदाद आहे, ४६ धर्मगुरू, ७ डिकन, आणि भूतं काढणारे, वाचक, द्वारपाल मिळून ५२. नंतर कधीतरी हे काम हळूहळू दीक्षितांकडे सरकलं आणि लोक फक्त ऐकणारे झाले, तेही न समजणाऱ्या भाषेत.

चुकीचं वाचन वाचलं गेलं तर मिस्सा बाद होते का?

नाही हो. आता माझी गोष्ट. आगमनकाळाचा पहिला रविवार, ग्रंथातली खुणेची फीत कोणीतरी जुन्या वर्षाच्या पानावर ठेवलेली, आणि मी आधी जाऊन तपासलंच नाही, यादी बनवणारी मीच म्हटल्यावर एवढा आत्मविश्वास! वाचायला लागले, तिसऱ्या ओळीला कळलं की हे घरी तयार केलेलं नाही. थांबावं की वाचावं? वाचून टाकलं. प्रवचनात फादर आमच्या वर्षाच्या वाचनाबद्दल बोलले, जे कोणी ऐकलंच नव्हतं. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) गेले तर ते एवढंच म्हणाले, ‘फीत बघत जा.’ तेव्हापासून मिस्सेच्या पंधरा मिनिटं आधी पान बघते आणि माझ्या यादीतल्या प्रत्येकाला बघायला लावते.

मला नाव द्यायचंय, काय करू?

रविवारी सकाळच्या दुसऱ्या मिस्सेनंतर माईक बंद व्हायच्या आधी मला गाठा. दहा मिनिटं लागतील. मी एक उतारा देईन, तुम्ही मंचावरून वाचायचा आणि मी सगळ्यात मागे, दाराजवळच्या बाकावर, पंख्याखाली बसून ऐकणार. तिथे ऐकू आलं तर पुढच्या महिन्याच्या यादीत नाव. नाही आलं तर पुन्हा पुढच्या रविवारी या, मी तिथेच असते.